सिद्धरामचा जबाब

अमावस्येमुळं गुळाचा बाजार बंद होता. दारूबंदी लागून तीन वर्षं झाली होती, तरी एका अडत्याच्या गोदामात भर दुपारी तिघं हातभट्टीची घेऊन बसले होते: मालकाचा पुतण्या कृष्णात, हमाल पिराजी आणि काट्यावर गूळ तोलणारा सिद्धराम.

पोती शिवणारी बसव्वा आदल्या दिवशी विसरलेला दाभण न्यायला आली. कृष्णात उठला, तिच्यामागं आतल्या खोलीत शिरला आणि त्यानं कडी घातली.

पिराजी खिदळला. सिद्धरामही हसला. कृष्णात चेष्टा करत असेल, असं त्याला वाटलं. मग आतून काहीतरी पडल्याचा आवाज आला. "सोडा मला!" बसव्वा ओरडली.

सिद्धराम उठायला गेला आणि पुन्हा खाली बसला. ओरडावं तर पेठ गोळा होणार, पोलीस येणार, तोंडाला वास येणार. नोकरी जाणार. पिराजी तर बसलाय की गप. डोक्यात हेच फिरत राहिलं.

"सिद्धरामअण्णा!" आतून हाक आली.

ती रस्त्यानं चाललेल्या केरबा गाडीवानानं ऐकली. तो धावत आत आला. "कोण हाय आत?" सिद्धरामनं नुसतं बोट केलं. केरबानं लाथेनं दार मोडलं आणि कृष्णातला बाहेर ओढून बडवलं.

चोळीची बाही फाटलेली बसव्वा सिद्धरामसमोर थांबली. "अण्णा, तुमी हितंच हुता व्हय?"



दुसऱ्या दिवशी मालकानं केरबावरच मारहाणीची फिर्याद दिली. पिराजीनं कानांवर हात ठेवले. "तू त्या दिवशी कागलला हुतास," मालकानं सिद्धरामला बजावलं. "तोंड उघडलंस तर दारूपायी तूच आत जाशील."

चौथ्या दिवशी सिद्धराम आपणहून चौकीत गेला आणि त्यानं घडलेलं सांगितलं.

"प्याला होतास?" फौजदारानं विचारलं.

"व्हय साहेब."

"मग तुला काय शुद्ध असणार!"

बसून राहिल्याच्या दोषातून सुटायची वाट फौजदारानंच दाखवली होती. सिद्धराम मान खाली घालून म्हणाला, "सगळं कळत हुतं, साहेब. पयल्या हाकेपास्नं. तरी बसून ऱ्हायलो."

कृष्णातवर खटला उभा राहिला, केरबा सुटला. सिद्धरामला दारूपायी तीन महिन्यांची सजा झाली. सुटून आला तेव्हा काट्यावर दुसरा माणूस होता. बसव्वा बाजारात रोज दिसायची. त्याला पाहिलं की ती पदर सावरून दुसऱ्या बोळात वळायची.