मधला कूड

वाळू आली तेव्हा सरिता पडवीत तांदूळ निवडत बसली होती. डंपर वाडीत उतरत नाही. त्यानं महाबळेश्वरच्या रस्त्याच्या वळणावर ढीग ओतला आणि तिथून एका छोट्या टेम्पोनं दिवसभर खेपा केल्या. घरकुल मंजूर झालेल्यांना सरकार पाच ब्रास वाळू फुकट देतं. पाच ब्रास म्हणजे किती, हे सरिताला तोपर्यंत माहीत नव्हतं. संध्याकाळी कळलं. पडवीत बसलं की समोरचा फणस खालच्या फांद्यांपर्यंत दिसेनासा होतो, एवढी.

अंगण दोन जावांचं एकच होतं. वाळू मात्र मोठ्या जावेची, मैनाची.

"तुझ्याकडं घसरत नाय ना गो?" मैनानं ढिगाच्या पलीकडून विचारलं.

"घसरू दे की, बाय. आमच्या नशिबाला घसरलेलीच येणार."

"तसं नाय. घसरली तर सांग, म्हंजे परत ओढून घेते."

सरितानं सुपातला खडा उचलून अंगणात फेकला. तो वाळूवर पडला आणि वाळूचाच झाला.

घरही एकच होतं, दरवाजे दोन. सासऱ्यांनी दोन मुलांत वाटणी केली तेव्हा घराच्या मधोमध कारवीच्या काठ्यांचा कूड उभा केला आणि दोन्ही अंगांनी शेणमातीनं लिंपून त्याची भिंत केली. भांडी वाटली, शेतं वाटली, फणसाचे फणससुद्धा वाटले. फक्त छपराचं आढं वाटता आलं नाही. ते एकाच सागाचं, या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग होतं. आता मैना पावसाच्या आत आपलं अर्धं घर उतरवणार होती. आढं मधोमध कापलं जाणार होतं. मग सरिताच्या अर्ध्याला एका बाजूनं फक्त तो कूड राहणार, तोही उघड्यावर. आतला कूड पन्नास वर्षं टिकतो. पाऊस लागलेला कूड वरून फुगतो, खालून विरघळतो आणि एखाद्या दुपारी बसतो. पोलादपूरच्या पावसात त्याला फार दुपारी लागणार नव्हत्या.

सरिताचा नवरा सहदेव बिरवाडीला खोली घेऊन कंपनीत कामाला होता, सुट्टीला यायचा. आल्यावर तो आधी आढ्याकडे बघायचा आणि मग जेवायला बसायचा. "बायचं घर उतरायच्या आत आपलं नाव लागलं पायजे," एवढंच म्हणायचा.

नाव याआधी एकदा लागता लागता राहिलं होतं. घरकुलाच्या जुन्या यादीच्या वेळी दोन्ही जावांची चौकशी एकाच दिवशी झाली. मैनाचा नवरा भरत मुंबईत, दारात काहीच नाही. ती पात्र ठरली. सहदेवकडे मोटरसायकल होती, म्हणून सरिता बाद. रात्रपाळीला जायला एसटी नसते, हे कागदावर लिहायला जागा नव्हती. "फटफटीवर बसून म्हाडच्या बाजारात जाते, तिला कशाला घरकुल?" असं मैना नळावर म्हणाल्याचं सरिताच्या कानावर आलं होतं. ते खरं की खोटं, हे तिनं कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर कदाचित खोटं निघालं असतं.

मग गेल्या हिवाळ्यात मैनाला मंजुरीपत्र मिळालं. तालुक्याला कार्यक्रम झाला, आणि त्याचा फ्लेक्स पोलादपूरच्या स्टँडवर लागला. त्यात पहिल्या रांगेत मैना, हातात पत्र, अंगावर अबोली रंगाची साडी. वाडीतली माणसं आठवडाभर सांगत राहिली, "मैनाबाय, स्टँडवर बघितलं तुमाला. वळखलंच नाय."

साडी सरिताची होती. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी मागून नेलेली, आणि परत येताना पदराला हळदीचा डाग घेऊन आलेली. महाडला जाण्यासाठी सरिताला त्या स्टँडवर उभं राहावंच लागे. गाडी लागेपर्यंत ती फ्लेक्सला पाठ करून उभी राहायची.

त्यानंतर थोड्याच दिवसांत ग्रामपंचायतीतून निरोप आला. नियम बदललेत, मोटरसायकल असली, फ्रिज असला, तरी आता चालतं. नव्यानं सर्वेक्षण होणार, मॅडम मोबाइल घेऊन घरोघरी येणार, घराचा आणि घरवालीचा फोटो काढणार.

सरितानं एवढंच ऐकलं, की फोटो काढणार.

पुढचे चार दिवस तिनं घर फोटोसाठी लावलं. दर्शनी भिंत तेवढी जांभ्या चिऱ्याची होती, सहदेवनं एका बोनसमध्ये बांधलेली. तिला आंब्याच्या रंगाचा ऑइलपेंट दिला. मागच्या पोपडे आलेल्या बाजूला निळी ताडपत्री होती, ती काढून दुमडून ठेवली. मधल्या कुडाला आतून संगमरवराच्या नक्षीचा चिकटकागद लावला. महाडच्या बाजारातून दाराला पडदा आणला, मोठ्या जांभळ्या फुलांचा. शेजारच्या वाडीतून दोन खुर्च्या आणल्या. आणि पदराचा डाग आत जाईल अशी ती अबोली साडी नेसली.

समीक्षा मॅडम आल्या त्या घामाघूम. त्या ग्रामसेवक म्हणून नव्यानं बदलून आल्या होत्या आणि एका दिवसात तीन वाड्या करायच्या होत्या. रेंज फक्त अंगणाच्या कोपऱ्यात येत होती, म्हणून त्या तिथंच उभ्या राहिल्या.

"ताई, चेहऱ्याची ओळख घ्यायचीय. इकडे बघा. डोळे मिचकवा."

सरितानं डोळे मिचकवले.

"अजून एकदा. हां, झालं. आता फोटोसाठी दारात उभ्या राहा." सरिता पडद्यापाशी जाऊन उभी राहिली. "भिंती कशाच्या आहेत?"

पलीकडच्या घरातून मघापासून भाकरी थापल्याचा आवाज येत होता. तो थांबला. मैना ऐकत होती. सरिताला ते दिसत नव्हतं, पण तिला नक्की माहीत होतं. थापणारा हात हवेत आहे आणि कान कुडाला आहे.

"चिऱ्याच्या," ती म्हणाली. "चारी. आमच्याकडं नाय कूडबीड."

समीक्षानं मोबाइलवर बोट टेकवलं. समोरून एक फोटो काढला. आंब्याचा रंग, फुलांचा पडदा, खुर्ची, साडी. फोटो फार चांगला आला. पलीकडे भाकरी पुन्हा सुरू झाली.

ग्रामसभा एक मेला भरली, मराठी शाळेच्या व्हरांड्यात. सर्वेक्षणातली नावं वाचून दाखवायची होती. पात्र कोण, अपात्र कोण, कुणाची हरकत आहे का. मैना पहिल्या रांगेत बसली होती. तिचं काही नव्हतं तिथं, तिचं घर मंजूर होतं. सुतारानं पाच दिवसांनी यायचं कबूल केलं होतं. तरी ती आली होती आणि पहिल्या रांगेत बसली होती.

"सरिता सहदेव उतेकर," समीक्षानं वाचलं. "अपात्र. कारण, पक्कं घर."

सरिता उभी राहिली. "कुणी सांगितलं पक्कं?"

"ताई, तुम्हीच सांगितलंत. चारी भिंती चिऱ्याच्या." समीक्षानं मोबाइल पुढे केला. सरपंचांनी तो हातात घेतला, मग शेजारच्याला दिला. फोटो रांगेतून फिरत गेला.

"बंगलाच की हो," कुणीतरी म्हणालं.

"म्हाबळेश्वरला भाड्यानं द्यायचा," दुसरा म्हणाला.

"मी काय खोटं बोलीन?" मैना मागे न वळताच म्हणाली. "चुलीपुढं बसून भाकऱ्या करीत होते. माझ्या कानांनी ऐकलं. आमच्याकडं नाय कूडबीड म्हणाली. असं स्पष्ट, जसं काय माझ्या शेजारी बसून बोलतेय."

सगळे हसले. हसण्यात सरिताचे कान तापले. पाच दिवसांनी आढं कापणार, हे तिच्या डोक्यात होतं; पण त्याहीपेक्षा पुढे, मैनाच्या अंबाड्यातलं अबोलीचं फूल तिला दिसत होतं. ते फूल बघत असताना मैनाचं शेवटचं वाक्य तिच्या कानात पुन्हा वाजलं.

"बाय, तू कुठं बसली व्हतीस?"

"सांगितलं ना. चुलीपुढं."

"दार उघडं व्हतं?"

"धूर घरात राहील म्हणून मागचं उघडं व्हतं. पुढचं बंद. का?"

"मी माझ्या दारात, पडद्यापाशी. तू आत, चुलीपुढं, पुढचं दार बंद. आणि ऐकू आलं शेजारी बसल्यासारखं?" सरिताचा आवाज चढला. "मधली भिंत चिऱ्याची असती तर आलं असतं ऐकू? चिऱ्यातून कुणाला ऐकू येतंय गो?"

आधी बाया हसल्या, नंतर पुरुष. सरपंचांनी टेबलावर हात आपटला. "बरोबर हाय. हिच्या घरात शिंकलं तर मैनाबाय 'सत्य' म्हणते, हे आख्ख्या वाडीला ठाऊक हाय. लिहून घ्या मॅडम, हरकत."

"हरकत लिहिते," समीक्षा म्हणाली. "ग्रामसभेनं ठराव केला तर फेरतपासणी करता येते. पण ऐकू येतं, असं मला ॲपमध्ये भरता येत नाही. भिंत दिसली पाहिजे. आणि पंचनाम्यावर शेजाऱ्याची सही लागेल."

शेजारी एकच होता. सगळ्यांनी मैनाकडे बघितलं.

"मी ऐकलं ते सांगितलं," मैना म्हणाली. "बघितल्याशिवाय सही करायला मी काय खुळी हाय?"

समीक्षाला उजेड असताना घाट उतरायचा होता, म्हणून त्या तिघी सभेतूनच निघाल्या. घरी आल्यावर समीक्षा सरिताच्या खोलीत उभी राहिली आणि मधल्या भिंतीवर बोटांनी टकटक केली. संगमरवराच्या कागदामुळे आवाज दबला. सरितानं कागद वरून धरून ओढला. तो एकाच पट्टीत खाली आला. खाली गुळगुळीत लिंपलेली माती होती.

"मातीचा गिलावा चिऱ्यावरही असतो, ताई," समीक्षा म्हणाली. तिला वाईट वाटत होतं, पण ते तिच्या आवाजात नव्हतं. "फोटोत नुसता गिलावा दिसेल."

पलीकडून मैनाचा आवाज आला. "मी तर म्हणते आत चिराच हाय!"

सरिता पडवीत गेली आणि कोयता घेऊन आली. समीक्षा बाजूला सरकली. पहिल्या घावाला मातीचा पोपडा उडाला. दुसऱ्याला काठ्या दिसल्या, एकमेकींना वेलीनं बांधलेल्या, वाळवीनं आतून पोखरलेल्या. तिसरा घाव गरजेचा नव्हता. समीक्षा "बस, बस, दिसलं," म्हणाली तरी सरितानं तो घातला. वाटणी झाल्यापासून जे काही तिनं या भिंतीला टेकून ऐकलं होतं आणि पलीकडून ऐकलं गेलं होतं, ते सगळं त्या घावात होतं. काठ्या मोडल्या, भुसा उडाला, आणि परातीएवढं भोक पडलं.

भोकातून मैनाचं तोंड दिसलं. कानासकट. ती भिंतीला लागूनच उभी होती.

"माझ्या पिठात माती घातलीस गो!" मैना ओरडली. तिच्या हातातल्या परातीत नाचणीचं पीठ होतं, त्यावर लाल धूळ पसरली होती. "पोटात दुखतंय म्हणून पिठात माती घालतेस?"

"कान काढ आधी भोकातनं!"

"माझ्या घरात माझा कान हाय!"

समीक्षानं फोटो काढला. नंतर बघताना कळलं, की त्यात मोडलेल्या काठ्या, कोयता आणि दोन्ही जावांची उघडी तोंडं आली होती. कूड मात्र अगदी स्पष्ट दिसत होता. तिनं दुसरा काढलाच नाही.

"मैनाकाकी, सही?"

मैनानं भोकातून हात बाहेर काढला. "द्या इकडं. कूड हाय म्हणून लिव्हा. आता नाय म्हणायला भिंतच कुठं ऱ्हायली?" सही करता करता ती थांबली. "मॅडम, हिचं मंजूर होईपर्यंत माझं काम अडणार नाय ना? सुतार सांगून ठेवलाय."

"तुमचं तुम्ही करा. पण मधले दोन खांब तेवढे ठेवा. आढं त्यांच्यावर तोलून धरता येईल. यांचं नाव वर जाईल, पण मंजुरीला किती दिवस, ते माझ्या हातात नाही."

"खांब माझ्या बाजूला हायत."

"सासऱ्यांचे हायत," सरिता म्हणाली.

मैना परातीतल्या पिठावरची माती बोटानं बाजूला करत राहिली. मग म्हणाली, "ठेवते. पर तुझं घरकुल झाल्यावर दोन्ही खांब मला."

"एक."

"बरं, एक."

समीक्षा गेली. तिची स्कूटी वळणावर दिसेनाशी झाली तेव्हा सरिता पुन्हा आत आली. भोकातून मैनाचं स्वयंपाकघर दिसत होतं. तिनं ते रोज बघितलं होतं, पण दारातून, पाहुणीसारखं. असं आडून कधी नाही. डबे तिच्यासारखेच. चूल तिच्यासारखीच. कोपऱ्यात मात्र एक टाइल उभी करून ठेवली होती, नमुन्याची, निळी, मध्ये पांढरं कमळ. ती टाइल मैनानं पदरानं पुसलेली दिसत होती, कारण आसपासच्या सगळ्या वस्तूंवर लाल धूळ होती आणि तिच्यावर नव्हती.

सरिता बघत राहिली. आपल्या घरकुलाला निळी नको, तिनं ठरवलं. हिरवी. आणि कमळापेक्षा मोठं काहीतरी.

मग तिनं दाराचा पडदा काढला आणि भोकावर दोन खिळे ठोकून लावला. जांभळी फुलं तिच्याकडे आली, पलीकडे कापडाची फिकी, उलटी बाजू.

थोड्या वेळानं पलीकडून आवाज आला, अगदी शेजारी बसल्यासारखा.

"फुलं तुझ्याकडंच का गो?"

पडद्याच्या खालच्या कडेची चुणी सरितानं हातानं सरळ केली, आणि पडदा तसाच ठेवला.