टाकळ्याचं कुरण

निरुपमाने दोन पावसाळे कुरणं तुडवली होती. मीटरभराची चौकट ठेवायची, आतलं गवत कापायचं, वाळवून तोलायचं, प्रथिनं तपासायची. मग उपग्रहाच्या चित्रातल्या हिरवाईशी ते आकडे जुळवायचे. कुठे किती आणि कसा चारा आहे, हे बडोद्यात बसून सांगणारा नकाशा त्यातून तयार झाला. चैत्रात अहवाल छापून आला. वर एकच नाव होतं, तिचे वरिष्ठ जगदेवराव यांचं.

"तू नुसतं गवत कापलंस गं," ते हसून म्हणाले होते.

त्यांनी संगणकातले आकडे उचलले, पण तिची वही काही उघडून पाहिली नाही. टाकळा माजलेल्या जागा वेगळ्या काढा, असं त्या वहीत पानोपानी लिहिलं होतं. उपग्रहाला टाकळाही हिरवागारच दिसतो, गुरं मात्र त्याला तोंड लावत नाहीत. निरुपमाने चूक त्याच दिवशी ओळखली. नागरवाड्यातल्या घरी येऊन तिने वही कपाटात ठेवली, कुलूप लावलं आणि भाद्रपदापर्यंत तोंडातून अवाक्षर काढलं नाही.

भाद्रपदात बैठक भरली. अधिकारी आले, गुरं राखणारे भरवाड आले. जगदेवरावांनी पडद्यावरच्या सर्वांत गडद पट्ट्यावर बोट ठेवलं. "इथे जिल्ह्यातला सर्वांत उत्तम चारा."

निरुपमा उठली. "सर, तासाभराची तर वाट आहे. सगळ्यांना दाखवू या ना?"

सगळ्यांसमोर जगदेवरावांना नाही म्हणायची सोय नव्हती.

कुरणावर टाकळा कमरेपर्यंत वाढला होता. नकाशा पाहून आलेल्या एका म्हाताऱ्या भरवाडाची गुरं नुकतीच कडेला पोचली होती. त्याने त्यातली एक गाय आत सोडली. तिने हुंगलं, फुरफुरली आणि मागे फिरली.

"आ तो कुंवाडियो!" टाकळ्याचं गुजराती नाव घेत म्हातारा भडकला. "ढोर अडेय नहीं! शिवत पण नाहीत याला! तुमच्या कागदावर भरवसा ठेवून माझी गुरं दोन दिवस इथवर उपाशी चालली, साहेब!"

अधिकाऱ्याने अहवाल मिटून जगदेवरावांच्या हातात दिला. त्यांचा चेहरा उतरला. गाडीपाशी ते हळूच म्हणाले, "तुला माहीत होतं?"

"चैत्रापासून."

"मग सांगितलं का नाहीस?"

"मी नुसतं गवत कापते, सर."

नकाशा रद्द झाला, नवा करायचं काम तिच्याकडे आलं. जगदेवरावांना भेटायला मग फारसं कुणी येईना. त्यांचं तिला काडीचंही वाईट वाटलं नाही. त्या दोन दिवस चाललेल्या गुरांचं वाटलं. पण ते तिने कुणालाच सांगितलं नाही.