चोवीस साते एकशे अडुसष्ट

दादाच्या घरी कृष्णधवल रोल घड्याळ लावून नव्हे, पाढे म्हणून धुतात. याला कारण आहे. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी रोल धुताना वेळ बघता यावी म्हणून दादाने सासऱ्यांनी दिलेलं मनगटी घड्याळ बेसिनच्या काठावर ठेवलं, आणि ते डेव्हलपरच्या भांड्यात पडलं. त्यातून चित्र काही उमटलं नाही. चार वाजून दहा मिनिटांनी ते जे थांबलं ते थांबलंच. वहिनी तेव्हा शाळेत गणित शिकवायच्या. त्या दारातूनच म्हणाल्या, "घड्याळाचं मी नंतर बघते. आधी तो फिल्मचा डबा हलवा. मी पाढे म्हणते."

घड्याळाचं त्यांनी नंतर बघितलं. त्यावर दादा अजूनही बोलत नाही.

पण पाढे मात्र चिकटले. वहिनींचा एक पाढा बरोबर अर्ध्या मिनिटाचा. छत्तीस वर्षांत त्यात फरक नाही. बे ते वीस म्हणजे साडेनऊ मिनिटं, ती डेव्हलपरची. त्यात चित्र उमटतं. मग पाण्याला पुन्हा एकदा नुसता बेचा पाढा. मग एकवीस ते तीस म्हणजे पाच मिनिटं फिक्सरची; उजेड न लागलेली जी पांढरट साय फिल्मवर उरते ती फिक्सर काढून टाकतो. प्रत्येक 'एके'ला डबा उलटा करून सुलटा करायचा. 'तीस दाहे तीनशे' झालं की डबा उघडायचा.

आता मूळ भानगड. दादाच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. हा त्याचा फोकसचा डोळा; डावा डोळा त्याने आयुष्यभर फक्त मिटण्यासाठी वापरला. ऑपरेशन उत्तम झालं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तक्ता वाचायला लावला तेव्हा दादाने शेवटची ओळ वाचलीच, शिवाय खाली बारीक अक्षरात छापलेला छापखान्याचा पत्ताही वाचून दाखवला. सगळे खूश. एक दादा सोडून.

"तक्ता वाचणं वेगळं आणि फोकस धरणं वेगळं," तो म्हणाला. "तक्ता हलत नाही."

म्हणून त्याने एक रोल घातला आणि आठवडाभरात छत्तीसच्या छत्तीस फोटो काढले. रोल धारदार आला तर ठीक. धूसर आला तर कॅमेरा सोमवारी दातांच्या डॉक्टरकडे जाणार, असं त्याने जाहीर करून टाकलं. या दातांच्या डॉक्टरने नवा दवाखाना थाटला होता आणि बाहेर बसायच्या खोलीत काचेच्या कपाटात मांडायला त्याला 'काहीतरी जुनं' हवं होतं. त्याने दादाला विचारलं तेव्हा दादाच्या तोंडात आरसा, कापूस आणि डॉक्टरची दोन बोटं होती. दादा "अं" म्हणाला. डॉक्टरने तो होकार धरला.

मी ते कपाट पाहून आलो होतो. वरच्या फळीवर कवळीचा एक मोठा साचा होता, उघडा, हसरा. त्याच्या शेजारची जागा पुसून ठेवली होती.

दादाला अजून तीन आठवडे वाकायला आणि औषधांच्या वाफेत जायला मनाई होती. तेव्हा रोल धुण्याचं काम माझ्याकडे आलं. मी चाळीस वर्षं वर्तमानपत्रात लोकांना धुतलं आहे, फिल्म कधीतरीच. रविवारी सकाळी न्हाणीघराच्या फटीला टॉवेल लावून, दिवा घालवून, मी ती फिल्म चाचपडत रिळावर चढवली. या कामाला दादाला एक मिनिट लागतं. मला अकरा लागली, आणि त्या अकरा मिनिटांत मी अंधारात काय काय बोललो ते वहिनींनी दाराबाहेरून ऐकून घेतलं. डबा बंद झाल्यावर मी दिवा लावला आणि त्या आत आल्या.

"भावोजी, झालं का सगळं बोलून?"

"झालं, वहिनी."

"मग चला. बे एके बे."

दादा बाहेरच्या खोलीत, दाराला लागून खुर्ची टाकून बसला होता. मी आत जाताना मला एवढंच म्हणाला होता, "जे असेल ते खरं सांग. दया नको."

डेव्हलपर छान पार पडला. वीस दाहे दोनशे. पाणी. मग मी फिक्सर ओतला. फिक्सरची बाटली बरीच वापरलेली होती, पण दादाच्या घरात कुठलीही बाटली तळ दिसल्याशिवाय म्हातारी ठरत नाही. वहिनींनी एकवीस घेतले, बावीस घेतले, तेवीस घेतले. आणि चोवीसच्या मध्यावर, "चोवीस साते एकशे अडुसष्ट" म्हणत असतानाच, बाहेरून आवाज आला.

"अगं, झालं का?"

"गप्प बसा हो!" वहिनी ओरडल्या. "मध्ये बोलू नका किती वेळा सांगितलं! हां, एकशे अडुसष्ट. एकशे शहाण्णव. अठ्ठावीस आठे दोनशे चोवीस…"

मी मान डोलावली. माझे पाढे बारापर्यंत पाठ आहेत, त्यापुढे श्रद्धेवर चालतात. 'तीस दाहे तीनशे' आज जरा लवकर आलं असं मला वाटलं खरं, पण या वयात सगळंच जरा लवकर येतं.

डबा उघडला. रीळ बाहेर काढलं. फिल्मचं टोक धरून मी ती दिव्यासमोर ताणली.

फिल्म पांढरी होती. दुधात बुडवून काढल्यासारखी. डोकं नाही, हात नाही, भिंत नाही. जिथे चित्र असायला हवं तिथे सायीखाली काहीतरी मळकट.

वहिनींनी आधी फिल्मकडे, मग माझ्याकडे, मग दाराकडे बघितलं.

"काय केलंत?" त्या कुजबुजल्या.

"तुम्ही म्हणालात तेच केलं."

"रोल जुना होता म्हणून सांगू या."

"त्यानेच आणलाय गेल्या आठवड्यात."

"मग तुम्ही उजेड लावलात म्हणून सांगा."

"मी कशाला?"

"तुमच्यावर कुणाचाही विश्वास बसेल."

हे खरं होतं. पण माझ्या डोक्यात भलतंच आलं. आम्ही काहीही सांगितलं तरी दादा काय समजणार? की रोल निघाला होता, धूसर होता, आणि बायको-भावाने मिळून त्याच्या डोळ्याची लाज राखायला तो खराब करून टाकला. दया नको म्हणाला होता. आता खरं सांगितलं तरी ती दयाच ठरणार होती. मला तो साचा दिसू लागला, उघडा, हसरा.

"दाखवायलाच हवं," मी म्हणालो.

वहिनींनी पदराला हात पुसले. एवढ्या वर्षांत निकालाच्या दिवशी वर्गात शिरताना त्यांचा चेहरा कसा होत असेल ते मला त्या क्षणी कळलं. त्यांनी दार उघडलं.

दादा उठून उभा होता. मी फिल्म पाठीमागे धरली होती. ती ओली असल्याने माझ्या पायजम्यावरून पाणी ओघळत होतं, त्यामुळे लपवण्यात फारसा अर्थ नव्हता.

"दुधी आलीये ना?" दादा म्हणाला.

वहिनींनी माझ्याकडे बघितलं, मी वहिनींकडे.

"विचारतोय. दुधी की काळी?"

"दुधी," मी म्हणालो. "दादा, आईशप्पथ, आम्ही मुद्दाम…"

"मग टाक की परत फिक्सरमध्ये! वेड्यासारखा बघतोस काय? वाळू देऊ नकोस. नवी बाटली खालच्या कप्प्यात आहे. फिक्सर पुरा झाला नाही, दुसरं काय? दोन मिनिटं कमी पडलीत."

"दोन मिनिटं कशी कमी पडतील?" वहिनी म्हणाल्या. आवाज अजून कुजबुजीचाच होता, पण त्याला कणा आला होता. "मी पूर्ण म्हटले. एकवीस ते तीस."

दादाने खाली बघितलं. मग भिंतीकडे बघितलं. मग डोळ्याला हात लावायला गेला आणि मनाई आठवून तो हात परत खिशात घातला.

"तू," तो म्हणाला, "चोवीस सातेवरून अठ्ठावीस सातेवर गेलीस."

वहिनींच्या भुवया वर गेल्या.

"चोवीस साते एकशे अडुसष्ट," दादा पुढे म्हणाला. आता सुरुवात केलीच होती, तेव्हा थांबण्यात मजा नव्हती. "अठ्ठावीस सकही एकशे अडुसष्टच. मी मध्ये बोललो, तू आकडा धरून ठेवलास, आणि उतरलीस दुसऱ्याच पाढ्यात. चोवीसचे उरलेले तीन, पंचवीस, सव्वीस, सत्तावीस पूर्ण, आणि अठ्ठावीसचे पहिले सहा. एकोणचाळीस आकडे. तीन सेकंदांचा एक. दोन मिनिटांना तीन सेकंद कमी."

वहिनींचे ओठ हलले. त्या मनात मोजत होत्या. मोजून झालं तसा त्यांचा चेहरा पडला.

"तुम्ही ऐकलंत? तेव्हाच?"

"ऐकलं."

"मग बोलला का नाहीत? आपल्या स्वतःच्या रोलचा सत्यानाश होतोय आणि माणूस खुर्चीत बसून राहतो!"

"एकोणीस सक," दादा म्हणाला.

हे मला माहीत होतं; आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. लग्नाच्या पहिल्या वर्षी वहिनी एकोणीस सक एकशे चोवीस म्हणाल्या, दादाने "चौदा" म्हणून दुरुस्त केलं, आणि वहिनींनी त्याला उभं करून बे ते तीस सगळे पाढे म्हणायला लावले, का तर त्याचे तरी पक्के आहेत की नाहीत ते बघायला. त्यानंतर त्याने त्यांची चूक काढली नव्हती. कॅमेरा गेला तरी चालेल, पण चूक काढायची नाही, इथवर त्याची तयारी झाली होती.

वहिनींनी दीर्घ श्वास घेतला. मला वाटलं, आता बे एकेपासून सुरुवात. पण त्या वळल्या, न्हाणीघरातलं प्लास्टिकचं स्टूल उचललं आणि उंबरठ्याबाहेर ठेवलं.

"बसा इथे," त्या म्हणाल्या. "आत वाकायचं नाही. वाफ घ्यायची नाही. आणि चुकले तर लगेच सांगायचं."

मी नव्या बाटलीतला फिक्सर ओतला. दोघांनी मिळून एकविसापासून सुरुवात केली. चोवीस सातेला दोघेही जरा थांबले, एकमेकांकडे बघितलं, आणि चोवीस आठेला हात धरून गेल्यासारखे गेले.

तीस दाहे तीनशे.

यावेळी मी डोळे मिटूनच रीळ काढलं. दादाचं "आहा" ऐकलं तेव्हा उघडले. साय गेली होती. स्वच्छ पट्टीवर उलट्या उजेडाची छत्तीस चौकटींची ओळ होती. काळे चेहरे, पांढरे केस. वहिनींनी भिंग आणलं. दादाने ते उजव्या डोळ्याला लावलं आणि ओली फिल्म खिडकीसमोर धरली. आम्ही दोघं श्वास धरून उभे होतो. मी तर पाढ्यांत मोजत होतो. बाराच्या पुढे जायची वेळ आली नाही.

"शिंप्याची सुई," दादा म्हणाला. "नाक दिसतंय. सुईचं नाक!"

मग तो हसायलाच लागला. वहिनींच्या हातातल्या वर्तमानपत्राचा मथळा वाचता येत होता. पोस्टमनच्या सायकलच्या तारा मोजता येत होत्या. माझ्या दाढीचे न कापलेले खुंट मोजता येत होते, आणि ते त्याने मोजले. मी इतका कुरूप आणि इतका समाधानी एकाच वेळी कधी झालो नव्हतो.

"हा एक हललाय," तो सव्विसाव्या चौकटीवर थांबून म्हणाला. फोटो वहिनींचा होता.

"मी हलले नव्हते."

"हललीस."

वहिनींनी तोंड उघडलं, आणि मिटलं. "असेन," त्या म्हणाल्या. "फोकस तर बरोबर आहे ना?"

"मागचं कपाट बघ. चकचकीत."

"मग झालं तर."

फिल्म कपड्यांच्या चिमट्यांना टांगली. खाली वजनाला दोन चिमटे लावले. दादा तिच्यासमोर स्टूल टाकून बसला, जणू ती उठून निघून जाईल.

राहता राहिले दातांचे डॉक्टर. "अं" म्हटलेलं होतं. माणसाने शब्द पाळावा. सोमवारी वहिनी स्वतः गेल्या. तुम्ही त्या दवाखान्यात गेलात तर काचेच्या कपाटात बघा. कवळीच्या साच्याशेजारी मखमलीच्या तुकड्यावर एक मनगटी घड्याळ आहे, चार वाजून दहा मिनिटं दाखवणारं. खाली चिठ्ठीवर वहिनींच्या अक्षरात लिहिलंय: 'फोटो धुण्याचं जुनं उपकरण.'

अक्षर सुवाच्य आहे. दादाने त्याचाही फोटो काढलाय.