सिद्राम मिस्त्रींचं आवरेज

सिद्राम मिस्त्री एसटीच्या डेपोतून निवृत्त झाले तेव्हा त्यांना शाल, नारळ आणि भरपूर मोकळा वेळ मिळाला. नारळाची चटणी झाली. वेळ प्रदीपच्या मोबाइलच्या दुकानात जाऊ लागला. सोलापूरच्या शुक्रवार पेठेतली निम्मी मंडळी तिथं शेअर बघत बसायची, म्हणून मिस्त्रींनीही घेतले. 'भुर्रकन' नावाच्या कंपनीचे. इंटरनेटवरून मागवा, दहा मिनिटांत भाजी दारात. कंपनी सोलापुरात नव्हती आणि नफ्यातही नव्हती. पण शेअर सकाळी चढायचा, दुपारी पडायचा, त्यामुळे ती जिवंत आहे एवढं कळायचं.

पैसे मात्र बायकोचे, मनकर्णाबाईंचे. बाई कडक भाकरी करून विकायच्या आणि भाकरीच्या मशीनसाठी त्यांनी भिशीतून ऐंशी हजार साठवले होते. "दसऱ्यापतूर वापरतो, मशीनसंगं गिरणीबी घिऊ," असं म्हणून मिस्त्रींनी ते नेले.

मोबाइलवर शेअरच्या नावाखाली 'आवरेज' हा शब्द दिसला आणि मिस्त्रींना घरी आल्यासारखं वाटलं. एकतीस वर्षं त्यांनी दुसरं केलं काय? एक लिटर डिझेलमध्ये गाडी किती पळते, ते आवरेज. वाढलं की साहेब पाठ थोपटायचे, घटलं की मेमो.

पहिला शेअर नव्वदला घेतला. तो एकशेवीसवर गेला, मिस्त्रींनी आणखी घेतले. आवरेज वाढलं. एकशेसाठवर उरलेले सगळे पैसे घातले. मधे कधी पडला तर हात लावला नाही. उगाच आवरेज घटायचं.

"मामा, तुमचं आवरेज किती?" प्रदीपनं एकदा विचारलं.

"एकशेचाळीस."

"माझं ब्याऐंशी."

"इंजिन उघडून बग एकदा," मिस्त्री मायेनं म्हणाले.

प्रदीपनं मान हलवली. बाजारातलंच काहीतरी असेल, असं त्याला वाटलं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी शेअर सत्तरवर होता.

"मशीनवाला उद्या येतुय. पैसे काढा," मनकर्णाबाई म्हणाल्या.

"काढतो की. आवरेज बगितलंस का? पेठेत कुणाचं न्हाई एवढं."

टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघणाऱ्या लेकीनं, कीर्तीनं, मोबाइल हातात घेतला. "अप्पा, आवरेज म्हणजे तुमी सरासरी कितीला घेतलाय ते. जेवढं जास्त, तेवढं महाग पडलंय."

मिस्त्रींनी चष्मा चढवून तिच्या हातातला आकडा पुन्हा वाचला. "तरीच," ते म्हणाले, "एवढं वाढवलं, पण कंपनीकडनं एक पत्र न्हाई."

"ऐंशीतलं किती ऱ्हायलं?" बाईंनी लेकीला विचारलं.

"चाळीस."

"विकून टाक."

"थांब की जरा," मिस्त्री म्हणाले. "वर जाईल त्यो."

"वर गेला की तुमी अजून घेताय."

चाळीस हजारांत मशीनवाल्यानं फक्त पीठ मळायचं यंत्र दिलं. थापायला माणूस लागतो, तो घरात रिकामाच होता. मिस्त्रींच्या पहिल्या दिवसाच्या भाकरींना कोपरे आले. बाईंनी त्या घरात खायला ठेवल्या. दिवाळीपर्यंत त्या बऱ्यापैकी गोल झाल्या.

एके सकाळी प्रदीप धावत दारात आला. "मामा, भुर्रकन नव्वदवर गेलाय."

मिस्त्रींचा हात परातीतून खिशाकडे निघाला.

"पीठ हाय त्यांच्या हाताला," मनकर्णाबाई म्हणाल्या. "तुला किती भाकरी पायजेत ते सांग."

"दहा द्या, मामी. पैसे शेअर अजून चढल्यावर देतो."

बाईंनी भाकरींवर फडकं परत ओढून घेतलं.