स्पिरिट वाळेपर्यंत

“पुन्हा हिरवट!” जंतू वाढवायची प्लेट उजेडाकडे धरून ती स्वतःशीच पुटपुटली. रोग्याच्या रक्तात जंतू वाढतात का ते पाहायचं, हे तिचं प्रयोगशाळेतलं एकवीस वर्षांचं काम. महिन्याभरातली ही चौथी प्लेट, आणि चारही वरच्या पुरुष वॉर्डातल्या. सुईबरोबर रक्ताच्या बाटलीत घुसणारे कातडीवरचे जंतू ती झोपेतही ओळखायची. हे ते नव्हते. हे माणसाच्या तोंडात राहणारे होते, रक्तात शिरले तर हृदयाला धरणारे.

वॉर्डातले डॉक्टर घाईत होते. “हृदयाच्या झडपेला संसर्ग. दुपारपासून इंजेक्शनं, चार आठवडे.”

“सर, एकाच बाटलीत उगवलंय. बाकीच्या कोऱ्या आहेत. बाहेरून शिरलं असेल.”

“रिपोर्ट तुमचाच ना?”

“माझाच. म्हणून तर जिने चढून आले. रक्त पुन्हा घेऊ द्या, काही उगवतं का ते कळायला पाच दिवस थांबा.”

“ताप चढला तर मी कुणासाठी थांबणार नाही, सांगून ठेवतो.”

रोगी सुतार होता. या इंजेक्शनांनी ऐकू येणं कमी होऊ शकतं, हे त्याला कळलं होतं. करवतीचा आवाज बदलला की लाकडात खिळा आहे हे त्याला समजायचं. आता कोण खिळा सांगणार, एवढंच तो एकदा म्हणाला होता.

रक्त घ्यायला ताई आली. ताई म्हणजे तिची सख्खी थोरली बहीण, या वॉर्डाची मुख्य सिस्टर, अडीच महिन्यांनी निवृत्त होणारी. हातमोजे, रबरी पट्टा, स्पिरिटचा बोळा, कुठे बोट ठेवायला जागा नाही. मग ताई वाकली आणि सुताराच्या ओल्या हातावर तिने हळूच फुंकर मारली.

लहानपणी हिच्या खरचटलेल्या गुडघ्यावर ताईची हीच फुंकर असायची. आई गेल्यावर घरात तेवढंच तर औषध होतं.

“ताई, थांब. टोचू नकोस.”

“का गं?”

“फुंकर मारलीस.”

“मग? झोंबतं माणसाला. वाळतंही लवकर.”

“तुझ्या तोंडातले जंतू त्याच्या बाटलीत जातायत. चारही वेळा हेच झालं असणार.”

ताईचा चेहरा उतरला, मग लाल झाला. “अडतीस वर्षांत मला कुणी शिकवायला आलं नाही. आणि आली कोण, तर जिचं नाक मी पुसलं ती!” बोळा ट्रेमध्ये आपटून ती म्हणाली, “घे मग तूच!”

तिने घेतलं. मास्क लावून, तीन वेगळ्या जागांवरून, प्रत्येक वेळी स्पिरिट आपोआप वाळेपर्यंत थांबून.

ताईने पाच दिवस अबोला धरला. डबासुद्धा वेगळा खाल्ला. ही रोज सकाळी आधी सुताराच्या तापाचा तक्ता बघायची, मग बाटल्या. आपलं चुकलं तर माणूस हातचा जाईल, हे तिला कळत होतं. पण डॉक्टरांकडे जाऊन ‘करा सुरू’ म्हणावं, असं तिला एकदाही वाटलं नाही. तिसऱ्या दिवशी ताप उतरला. पाचव्या दिवशी बाटल्या स्वच्छ निघाल्या.

“सोडतो त्याला घरी,” डॉक्टर म्हणाले. “आधीची बाटली का बिघडली, ते कारण तेवढं लिहून पाठवा.”

फॉर्म घेऊन ती वॉर्डात गेली. ‘नजरचूक’ लिहून भागलं असतं. पण वॉर्डातल्या सगळ्या पोरी ताईकडे बघूनच शिकल्या होत्या, आणि सगळ्या फुंकर मारत होत्या.

“ताई, मला खरं लिहावं लागेल.”

“आण इकडे.” ताईने चष्मा चढवला आणि वळणदार अक्षरात लिहिलं, ‘सुई टोचण्याआधी मी फुंकर मारत असे. इतरांनाही मीच शिकवलं.’ खाली सही केली. “तुझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. कुणाला वाचता यायचं नाही.”

तेवढ्यात नवे रोगी आले, एक थकलेले आजोबा. त्यांचंही रक्त हवं होतं. चिकटपट्टी ओढून त्यांची कातडी आधीच सोलवटली होती. ताईने बोळा फिरवला तसे ते कळवळले.

“आई गं! झोंबतंय हो!”

ताई वाकली. तिचे गाल आपसूक फुगले. मग तिने मान फिरवली आणि श्वास नाकाने सोडला.

“झोंबणारच, बाबा. थोडी कळ काढा.”

हात वाळेपर्यंत तिने तोंड भिंतीकडेच ठेवलं.