डाळिंबं, सुरई आणि आकृती

संग्रहालयाच्या रखवालदाराला मंगळवारी कामावरून काढून टाकलं. बरं, ते सोडा. असं काही घडलंच नाही. निदान त्याने तरी तसंच ठरवलं, आणि बुधवारी इस्त्रीचा गणवेश चढवून तो नेहमीच्या दालनात, नेहमीच्या भिंतीशी हजर झाला. कारण बुधवारी आई येणार होती.

गुन्हा तसा फुटकळ. एका चित्राखाली पाटी होती: 'स्थिरचित्र – डाळिंबं, सुरई आणि आकृती.' तिच्या शेजारी त्याने कागद चिकटवला होता: 'ही आकृती माझी आई आहे.' तो कागद मंगळवारीच फाडून टाकण्यात आला.

आई तरुणपणी त्या चित्रकाराकडे धुणीभांडी करायची. पुढे चित्र संग्रहालयात आलं, मुलगाही तिथेच नोकरीला चिकटला. तिचं येणं मात्र गुडघ्यांपायी राहून गेलं होतं. आज ती काठी टेकत आली आणि पाटी वाचून म्हणाली, "आकृती म्हणजे कोण रे?"

"तूच की."

"डाळिंबाला डाळिंब म्हटलंय, सुरईला सुरई. मग मी मेलीनेच काय घोडं मारलं होतं?"

तेवढ्यात माहिती सांगणाऱ्या बाई घोळका घेऊन आल्या. "हा उंचावलेला हात पाहा. शून्याकडे झेपावणारी मानवता! आणि पोटापाशी वस्त्राचा हा घोळ, ती समृद्धी."

"खिळा निखळला होता गं बाई," आई म्हणाली. "मागचा पडदा धरून उभी होते मी. आणि पोटात हा होता."

सगळ्यांनी वळून समृद्धीकडे पाहिलं. समृद्धीने टोपी सरळ केली.

"वा, आजी!" बाईंनी टाळ्या वाजवल्या. "किती वेगळा अर्थ लावलात! चित्राचं हेच तर असतं, ज्याला जे दिसेल ते." आणि घोळका पुढच्या चित्रातल्या मेलेल्या माशाकडे गेला.

"डाळिंबं सुकली की मालक ताजी आणायचे," आई हळूच म्हणाली. "मला चक्कर येतेय म्हटलं, तर म्हणाले, आधी पडद्याचं बघ."

दारात व्यवस्थापक उभे होते. "तू? तुला काल—"

"साहेब," रखवालदाराने घाईघाईने हात जोडले, "ही माझी आई."

आईने साहेबांना नखशिखांत न्याहाळलं. "पोरगं दिवसभर उभं असतं, साहेब. त्याच्या बढतीचं बघा हं तेवढं."

साहेबांनी एकदा चित्राकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. "बघतो, आजी," ते म्हणाले. मग रखवालदाराच्या कानाशी लागले, "गणवेश संध्याकाळपर्यंत जमा कर. टोपीसकट."

बाहेर पायऱ्या उतरताना आई म्हणाली, "देवमाणूस आहे रे तुझा साहेब."

"आहेच," तो म्हणाला.

तिला घरी सोडून तो परत आला, गणवेशाची घडी कारकुनाच्या टेबलावर ठेवली आणि घडीवर अर्ज ठेवला:

'सदर चित्रातील आकृती गेली कित्येक वर्षे अखंड उभी आहे. नावाबाबत अर्जदाराचा आता आग्रह नाही. तरी मेहेरबान साहेबांनी कृपाळू होऊन, तिला बसण्याकरिता त्याच चित्रात एक स्टूल रंगवून द्यावे, ही नम्र विनंती. स्टूल साधे चालेल.'