घशात अडकलेली पुंगळी

पुंगळी उडाली नाही, गळली. सुरुवात एवढ्याशा गोष्टीने झाली.

गोळी सुटल्यावर मागे उरतं ते पितळेचं रिकामं नळकांडं म्हणजे पुंगळी. एरवी मी ती उजव्या अंगाने लांब भिरकावते. त्या संध्याकाळी ती माझ्या अंगावरून घरंगळली आणि माझ्या मालकांच्या, निंबाआबांच्या चपलेवर पडली. आबांनी पाय झटकला. रानडुकरं पळाली होती, आबांचं काम झालं होतं. मला मात्र भरल्या पंगतीत हातातला घास सांडावा तसं झालं. वाटलं, कुणी पाहिलं तर नाही ना?

हो, मी रायफल. बोलणारी रायफल म्हणजे तुम्हाला नवल वाटेल. मला स्वतःलाही बोलायची फार भीती वाटते. खरं सांगू? माझाच बार ऐकून मी अजून दचकते.

परदेशातल्या एका कारखान्यात शिकारीसाठी माझा जन्म झाला. कागदावर मला अर्धस्वयंचलित म्हणतात. म्हणजे असं, की एक गोळी सुटली की त्याच धक्क्याने माझा आतला दट्ट्या मागे सरकतो, रिकामी पुंगळी बाहेर फेकतो आणि येताना पुढचं काडतूस आत ढकलतो. आबांच्या वडिलांनी मला घेतलं ते तितर आणि ससे मारायला. पुढे शिकार बंद झाली आणि मी जसोंडी गावातल्या त्यांच्या केळीच्या बागेची राखणदार झाले. आता मी बहुतेक वेळा मातीच्या बांधात बार काढते आणि डुकरं पळून शेजारच्या प्रभाकरच्या बागेत जातात. त्यावर प्रभाकर जे बोलतो ते इथे सांगण्यासारखं नाही.

निवडणूक आली की आम्हा बंदुकांना ठाण्यात जमा करतात. गळ्यात चिठ्ठी, भिंतीला पाठ. काही न करताही आरोपी झाल्यासारखं वाटतं. पण या वेळची लाज तशी नव्हती. या वेळी खरंच माझं काहीतरी चुकत होतं.

पुढच्या खेपेला पुंगळी बाहेर पडलीच नाही. माझ्या बाजूच्या खिडकीत अर्धी आत, अर्धी बाहेर, उभीच अडकली. आबांनी ती नखाने उपसली. घरी आल्यावर हे ऐकून त्यांच्या पत्नी मथुराबाई म्हणाल्या, "ती बी तुमच्यावानीच झाली. तोंडातलं तोंडातच चघळते, बाहेर काही काढत नाही."

"तू गप बस," आबा म्हणाले. पण हसले. मला हसता आलं नाही.

त्यांची नात तृप्ती बुरहानपूरच्या कॉलेजात बीएस्सी करते. ती म्हणाली, "आबा, एका टायमाला एकच गोष्ट बदला ना. सगळं एकदम बदललं तर पता कसा लागेल?"

आधी नवी काडतुसं आणली. अडकली. मग दुसरं मॅगझिन, म्हणजे काडतुसं भरायची पेटी, लावलं. तरी अडकली. काडतूस निर्दोष, मॅगझिन निर्दोष. मग उरलं कोण? मला जमिनीत तोंड खुपसावंसं वाटलं.

मग मला रिकामी करून, उघडून, तृप्तीने मोबाईलच्या उजेडात आत पाहिलं. दट्ट्याच्या टोकाला माझी एक बारीक नखी आहे. पुंगळीची कड धरून तिला ओढून काढते ती हीच. तिच्यामागे काळपट लाल लगदा घट्ट बसला होता. त्यात तांदळाचा एक दाणा.

"आजी, हे कुंकू आहे का?"

"मग? दसऱ्याला पूजा नको?" मथुराबाई म्हणाल्या. "कोयत्याला लावते, ट्रॅक्टरला लावते. हिलाच उपाशी ठेवू? वरून गोडंतेल बी सोडते. कुरकुरते बिचारी."

तृप्तीने तांदळाचा तो दाणा त्यांच्यापुढे धरला. मग त्यांचाच आवाज उतरला. "म्हणजे... माझ्यानं झालं का गं हे?"

नाही हो, असं मला ओरडून सांगायचं होतं. दसऱ्याला त्यांचा ओला हात अंगावरून फिरायचा, ते मला आवडायचं. एरवी लोक मला उचलतात ते कुणाला तरी घाबरवायला. त्या एकट्या मला ओवाळायच्या. आत तेल साकळत होतं, नखी जड होत होती, हे मला कळत होतं. पण लाडाला नको कोण म्हणतं?

तृप्ती म्हणाली, "हिला बंदुकीच्या मिस्त्रीकडे नेऊ. लायसनवाला आहे, तो बरोबर खोलेल."

"अरे, पुसलं ना! झालं की," आबा म्हणाले. फडक्याने वरवर पुसलं आणि दिवेलागणीच्या आधी मला घेऊन बागेत गेले.

एकच बार झाला. नखी घसरली, पुंगळी घशातच राहिली, आणि मागून आलेलं जिवंत काडतूस तिच्यावर आदळून तिरपं रुतलं.

आता मी अंगणातल्या खाटेवर आहे. मॅगझिन काढलंय, नळी भिंतीकडे आहे. आबांच्या हातात स्क्रू फिरवायचा पेचकस आहे. माझ्या काडतुसाची पेट घेणारी दारू त्याच्या कडेतच भरलेली असते. तिथे लोखंड दाबलं तर काडतूस माझ्या उघड्या खिडकीतच फुटेल. आणि आबांच्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. नीट दिसावं म्हणून ते तोंड अगदी जवळ आणतात.

"आबा, लांब व्हा ना! प्लीज!" तृप्ती फोन कानाला लावून ओरडते. मिस्त्रीचा फोन आधी बिझी, मग वाजून वाजून बंद.

"कुठं लग्नात जेवत असेल तो. या हातानी किती वेळा खोललं हिला!"

"एक फोन लागू द्या," मथुराबाई म्हणतात. "तेवढ्यानं तुमचा हात काही झडून नाही पडत."

"बरं. हा शेवटचा. नाही उचलला तर मी काढतो."

पेचकसाचं टोक माझ्या खिडकीवर टेकलंय. आबांचा श्वास मला जाणवतो, तंबाखूचा, ओळखीचा. ओरडावं म्हटलं तर मला एकच आवाज काढता येतो, आणि तोच आत्ता निघता कामा नये. तुमच्या घरी माझ्यासारखी कुणी असेल, तर तिची पूजा जरूर करा; पण लांबून करा. आणि ती अडकली तर तिच्यावर रागावून तोंड जवळ आणू नका. ती आधीच शरमेने अर्धी झालेली असते.

रिंग वाजतेय. तृप्तीने स्पीकर लावलाय. मथुराबाईंनी डोळे मिटलेत. अजून वाजतेय. उचला हो, कुणीतरी उचला.

कट्ट, असा आवाज झाला. मी दचकले. पण तो माझा नव्हता.

"हां, बोलिए," फोनमधून कुणीतरी म्हणालं.

आबांनी पेचकस खाटेवर ठेवला.